पायरी तीन-अ

परसोडीच्या आयटी पार्कात, चौथ्या मजल्यावर
मी एक ओळ लिहिली:
मजूर ठसा देते. प्रणाली हजेरी नोंदवते.
कर्ता, कर्म, क्रियापद.
शाळेत वाक्य पृथक्करण शिकवायचे तसं,
एकही विशेषण नाही.

धोटे म्हणाला, मस्त, कार्डावर मावतंय.
गुरुवारी स्प्रिंट संपतेय,
बाकीचं बोलून घेऊ.
बोलून घेऊ म्हणजे कोणाशी,
तेवढं मात्र कार्डावर मावलं नव्हतं.

म्हणून कळमन्याला गेले.
पारडीजवळ गाडी पंक्चर झाली, ते सोडा.
बाजाराच्या मागच्या अंगाला मिरचीचा सातरा,
ताडपत्रीभर लाल,
आणि चाळीसेक बाया देठ खुडत बसलेल्या,
नाकावर पदर.
शिंका फक्त मलाच येत होत्या.

सुगंधाबाई नेवारेंना विचारलं,
सकाळी आल्यावर आधी काय करता?
"बसतो."
आणि त्याच्या आधी?
"जागा धरतो. भिताडाकडची.
तिकडं सावली उशिरापर्यंत राह्यते."
मी लिहून घेतलं:
पूर्वअट: सावली.

मग यंत्र काढलं.
ठेवा बोट.
लाल दिवा.
दुसरं. लाल.
दहाही झाली. तिनं पदराला पुसून
पहिलं पुन्हा ठेवलं, जरा दाबून,
जसं काही बोटाचंच चुकत होतं.
"काही नाही राह्यलं त्याच्यात बाई,
बावीस वर्सं झाले, मिरचीनं पुसून नेलं.
मंग तुह्या मशीनीत
मी आली का नाही आली?"

मराठीत एक कर्मणी प्रयोग आहे.
हजेरी नोंदवली जाते.
मजुरी दिली जाते.
त्रुटी दाखवली जाते.
कोणाकडून, ते विचारायचं नाही.
किती पानं भरली असतील मी अशी,
कर्ता मागच्या दारानं निघून गेलेली.
इथे कर्ता समोर बसला होता,
माझ्या पाण्याच्या बाटलीकडे बोट करून
विचारत होता, थंडं हाये का?

रात्री अजनीच्या खोलीत, कूलरच्या घरघरीत,
तेच कार्ड पुन्हा काढलं.
३. मजूर ठसा देते.
३-अ. ठसा उमटत नाही.
मुकादम तिला नावानं हाक मारतो.
ती "हो" म्हणते.
प्रणाली ते "हो" नोंदवते.
ठीक होतं. झोपायला हरकत नव्हती.
पण पेन खालीच उतरलं:
३-आ. मुकादम हाक मारत नाही.

याचं उत्तर मला येत नव्हतं.
फोन केला. पलीकडे कुकरची शिट्टी,
कोणीतरी लहान रडत होतं.
"त्यात काय," सुगंधाबाई म्हणाल्या,
"शेजारीण सांगन ना.
सोनकुवरबाई आज माह्या डाव्या हाताले होती,
उद्या मी तिच्या.
कोण आलं, कोण नाही,
कोणाचं पोट्टं तापानं फणफणते,
आमाले सगळं ठाऊक राह्यते.
तुमी कोणी इचारतच नाही."

सकाळी उभ्याउभ्याच्या बैठकीत
कार्ड भिंतीला लावलं.
धोटे म्हणाला, शेजारीण?
हा रोल आपल्या यादीत नाहीये.
म्हटलं, टाक.
किती पॉइंटचं काम?
कोणी पाच म्हणालं, कोणी तेरा.
गुंजन म्हणाली, पुढच्या स्प्रिंटला ढकलू,
आधी ठशाचं पूर्ण करून देऊ.
ठसाच नाहीये गुंजन, मी म्हटलं,
आणि आवाज जरा चढलाच माझा.

धोटेनं कार्ड काढलं,
बारीक अक्षर वाचायला चष्म्याजवळ नेलं.
सातऱ्यावरून माझ्या पिशवीतून आलेलं कार्ड ते.
एक शिंक. दुसरी.
तिसरीला डोळ्यांतून पाणी.
पाणी द्या रे कोणी, गुंजन ओरडली.
धोटे हातानंच थांब म्हणाला,
नाक पुसलं,
आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून
वाचायला लागला.